जोड न फोडणाऱ्या अण्णांना

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुम्ही रद्दीच्या दुकानाचं शटर कायमचं खाली ओढलंत आणि गावी गेलात. निघायच्या आदल्या दिवशी सुट्या नकाशांची ती पत्र्याची पेटी तुम्ही स्वतः उचलून माझ्या रिक्षात ठेवलीत. मला खूप काही बोलायचं होतं, पण घसा दाटून आला आणि मी नुसतं "येते अण्णा" म्हणून निघाले. ते राहून गेलेलं आज लिहायला बसले आहे. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण मासिकांचे जुने अंक जमवणाऱ्यांना तुमच्याबद्दल कळायला हवं. तुमचा नातू तुम्हाला फोनवरून वाचून दाखवेल.

आपली ओळख झाली तेव्हा मी फसून बसले होते. एका विक्रेत्याकडून 'नॅशनल जिओग्राफिक' या अमेरिकन मासिकाचा साठ-सत्तरच्या दशकांतला "पूर्ण संच" घेतला होता, शाळेच्या पगारातून पैसे बाजूला टाकून. घरी येऊन एकेक अंक उघडला तर आत एकही नकाशा नाही. काही अंकांबरोबर येणारे हे नकाशे आत शिवलेले नसत, घडी घालून सुटे ठेवलेले असत. त्यामुळे काढून घेतल्याची खूणसुद्धा राहत नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "तो कागद कोण ठेवतं?" भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल! त्या मासिकातल्या लेखांइतकीच मेहनत त्या नकाशांवर घेतलेली असे. 1915 पासून मासिक काढणाऱ्या संस्थेचा नकाशांसाठी वेगळा विभाग होता आणि अक्षरांचे साचेसुद्धा त्यांनी खास नकाशांसाठी घडवले होते.

त्यानंतरच्या रविवारी जुन्या बाजारातून परत येताना तुमच्या दुकानाशी थांबले. तुम्ही सुतळी सोडून एक गठ्ठा मोकळा केला होता. अंक पाठीकडून धरून हलकेच झटकत होतात. एकातून घडी पडली. तुम्ही ती उलगडली नाहीत. फक्त कोपऱ्यातला महिना नि साल पाहिलंत, अंकावरचा महिना पाहिलात आणि घडी परत आत सरकवलीत. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "बाई, जोड फोडायची नाही. फोडली की दोन्हीला किंमत नाही."

हे मला तोवर कोणी शिकवलं नव्हतं. बाकीचे नकाशे कुठे गेले तेही तुमच्याकडूनच कळलं. जून महिना आला की जाड, गुळगुळीत कागद वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला जायचा. पुण्यातल्या किती पोरांच्या गणिताच्या वहीवर पॅसिफिक महासागर चढला असेल! रद्दीत गुळगुळीत कागदाला भाव कमी, म्हणून ही मासिकं तुमच्या धंद्याच्या दृष्टीने जागा अडवणारीच होती. तरी तुम्ही ती तराजूवर टाकण्याआधी झटकून बघत होतात.

मुखपृष्ठांचं तुमचं ज्ञान तर थक्क करणारं होतं. मी साल वाचून अंक लावायचे, तुम्ही चौकटीकडे बघून लावायचात. पिवळी चौकट आणि तिच्याभोवती ओक नि लॉरेलच्या पानांची वेल ही रचना फेब्रुवारी 1910 पासूनची. कितीतरी वर्षं चौकटीच्या आत चित्र नसे, लेखांची यादी आणि पानांचे क्रमांक असत. 1959 पासून मुखपृष्ठावर नेमाने फोटो येऊ लागले आणि पुढच्या वीस वर्षांत ती वेल हळूहळू खुडली गेली. 1979 मध्ये शेवटची पानंही गेली. तुम्ही या वेलीला "तोरण" म्हणायचात. "हे भरल्या तोरणाचं, हे अर्ध्या तोरणाचं, हे उघडं." तीन ढीग, आणि एकही अंक चुकलेला नसे. मुखपृष्ठावर होलोग्राम, म्हणजे खोली दिसणारं चकाकतं चित्र, असलेले तीनही अंक तुम्ही मला वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेत: मार्च 1984 चा गरुड, नोव्हेंबर 1985 ची कवटी आणि डिसेंबर 1988 चा फुटणारा पृथ्वीगोल. चकाकी बोटांनी मरते, म्हणून हात लावू नका, असंही बजावलंत.

शिक्क्याची गोष्ट मात्र मी जन्मभर विसरणार नाही. डिसेंबर 1984 चा दक्षिण आशियाचा नकाशा तुम्ही पुढे केलात. त्यावर भारताच्या सीमा बरोबर दाखवलेल्या नाहीत असं सांगणारा इथल्या सरकारचा शिक्का होता, शाई थोडी फाकलेली. मला कोरी प्रत हवी होती, मी तो बाजूला सारला. तुम्ही तो परत माझ्या हातात दिलात. "शिक्का आहे म्हणजे हा इथे आला होता, बाई. कोरा कुठलाही असेल." खरंच की! अमेरिकेतल्या संग्राहकाकडे हीच प्रत कोरी असणार. भारतात आलेल्या प्रतीचं वेगळेपण तो शिक्काच आहे. तेव्हापासून मी शिक्केवाल्या प्रती मुद्दाम शोधते. आज माझ्याकडे सात आहेत, आणि शिक्का दर वेळी थोडा वाकडा, थोड्या वेगळ्या जागी पडलेला.

ऑक्टोबर 1967 चा हिंदी महासागराच्या तळाचा नकाशाही तुमच्याकडचाच. समुद्रतळाचा अभ्यास करणाऱ्या मेरी थार्प आणि ब्रूस हीझन या शास्त्रज्ञांच्या कामावरून हाइनरिश बेरान या ऑस्ट्रियन चित्रकाराने तो रंगवला आहे. तुम्ही हातगाडीवर चादर अंथरून तो उलगडलात, शेजारचा चहावाला बघायला आला. पाणी काढून घेतलेला समुद्र! मुंबईसमोरचा तो रुंद उथळ पट्टा, मग एकदम खाली उतरणारा कडा, पुढे अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग पर्वतरांग. तुम्ही बोट न टेकवता वरूनच ती रांग दाखवत म्हणालात, "सह्याद्री इथे संपत नाही तर." भूगोल म्हणून ते बरोबर नाही, दोन्ही डोंगर वेगळे आहेत, हे मी तिथेच सांगितलं आणि तुम्हीही लगेच कसे वेगळे ते विचारलंत. अर्धा तास गेला. दर वर्षी नववीच्या वर्गात मी तो नकाशा नेते आणि मुलांना तुमचाच प्रश्न विचारते.

आता सगळ्यात मोठं ऋण. एप्रिल 1946 चा अंक.

त्या अंकाबरोबर 'इंडिया अँड बर्मा' हा नकाशा होता. फाळणीआधीचा अखंड हिंदुस्थान, मधोमध हैदराबाद संस्थान, आपल्या गावाचं नाव 'पूना'. मी तो वर्षानुवर्षं शोधत होते. नारायण पेठेतला एक वाडा पाडायला काढला तेव्हा तुम्हाला तिथल्या रद्दीत तो अंक सापडला, पण खालच्या बाजूला दोन बोटं उंचीपर्यंत मातकट डाग आणि पानं चिकटून झालेली वीट. या मासिकाच्या कागदाला वर चकचकीत थर असतो. एकदा भिजला की पानं एकमेकांना धरतात आणि मग सुटत नाहीत. डाग बघूनच तुम्ही म्हणालात, "पानशेतचं पाणी." 12 जुलै 1961 ला धरण फुटून ज्या घरांत पाणी शिरलं तिथल्या पुस्तकांवर तुम्ही ही रेघ आयुष्यभर बघत आलात. नकाशा आत नव्हता. मी अंक तसाच घेतला आणि आशा सोडली.

तुम्ही सोडली नाहीत. चार महिन्यांनी त्याच वाड्याच्या माळ्यावरची पेटी तुमच्याकडे आली. जुनी पंचांगं, लग्नपत्रिका आणि त्यांच्यामध्ये घडी घातलेला एक नकाशा. कोरडा, स्वच्छ, फक्त घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे बारीक भोकं. कोणीतरी तो अंकातून काढून वर ठेवला होता, म्हणून पुरातून वाचला. तुम्हाला नुसतं साल जुळवून भागलं नाही. अंकाच्या पहिल्या पानावर मालकाची जांभळ्या शाईतली सही होती, ती तुमच्या लक्षात होती, आणि नकाशाच्या मागे तीच सही होती. तुम्ही मला फोन केलात. एवढंच म्हणालात, "बाई, जोड लागली."

त्या दिवशी मी वर्ग सोडून आले होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तो नकाशा मी टेबलावर पसरला आणि किती तरी वेळ हात मागे बांधून उभी राहिले. पुण्याच्या एका वाड्यात कोणीतरी हा कागद वर्गणी भरून मागवला, जपला, आणि पंधरा वर्षांनी पूर येऊन अंक बुडाला. त्या माणसाची जोड तुम्ही लावलीत. माझ्या हाती ती नुसती आली.

जानेवारी 1979 च्या अंकातली व्हेल माशांच्या गाण्याची काळी लवचीक तबकडीसुद्धा तुमच्यामुळेच मिळाली, इतरांनी ती प्लास्टिक म्हणून फेकली असती. तशा 1 कोटी 5 लाख तबकड्या तेव्हा काढल्या होत्या. मला मात्र तुमच्या दुकानात मिळालेली पहिलीच.

पेटी आता माझ्या खोलीत खिडकीपासून लांब, भिंतीला न टेकवता ठेवली आहे. तुम्ही सांगितलं तसंच. कडुनिंबाची पानं वाळवून कापडाच्या पुरचुंडीत घातली आहेत, कसर नाही. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावलेली नाही, तुमची शपथ आहे म्हणून. सुट्या नकाशांची यादी केली तर एक्केचाळीस भरले. त्यातल्या सोळांचे अंक माझ्याकडे होते, त्यांची जोड लावून झाली.

परवा जून 1968 चा अंक मिळाला. अटलांटिकच्या तळाचा नकाशा आत असायला हवा होता, नाहीये. तुमच्यासारखा पाठीकडून धरून तीनदा झटकला. मग एका चिठ्ठीवर महिना नि साल लिहून ती पेटीत त्याच्या जागी ठेवली. गावाकडे कुठे रद्दीत काही दिसलं तर नातवाला फोन लावायला सांगा. मी पहिल्या एसटीने येईन.

तुमची,
भूगोलाची बाई