आधी पाणी बघ, मग समुद्र

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरच्या बोनिफासियोला निघालात हे ऐकून बरं वाटलं. "आई, तिथं काय बघायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळीत टाक" म्हणालास, पण ते गाव चार ओळीत बसणारं नाही, म्हणून हे पत्र. मार्सेयहून रात्रीची बोट सुटली की सकाळपर्यंत तसंही काही काम नसतं, तेव्हा वाच. आम्ही गेलो तेव्हा मावशीने तेवढ्या वेळात डेकवरच्या निम्म्या बायकांची सगळी चौकशी करून टाकली होती. भाषा एकीचीही येत नव्हती, तरी कुणाला किती मुलं ते सगळं कळलं तिला.

पहिली गोष्ट. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असा बेत असेल तर तो बदला. दिवसभर तिथं नुसती झुंबड असते. लोक येतात, होडीतून खालून कडे बघतात, फोटो काढतात, आइसक्रीम खातात आणि जातात. गावात कायमचे राहणारे तीनेक हजार असतील. उन्हाळ्यात त्यांना शोधावं लागतं. सहानंतर गल्ल्या मोकळ्या होतात आणि मग ते गाव दिसायला लागतं. एक तरी रात्र वरच्या जुन्या गावात राहा. खोली लहान मिळेल, जिना भयंकर मिळेल, तरी राहा.

आता गाव कसं आहे ते ऐक. कॉर्सिकाचा बराच भाग ग्रॅनाइटचा, डोंगराळ. बेटावरच्या अजाक्सिओ शहरातून बसने खाली येताना वाटभर तेच दिसतं. अगदी दक्षिण टोकाला मात्र दगड बदलतो आणि पांढरी चुनखडी सुरू होते, आडव्या थरांची. समुद्राने खालून ती खाऊन काढलीय, त्यामुळे साठ-सत्तर मीटर उंचीचा कडा वरच्या बाजूला पुढे आलाय आणि खाली पोकळ. त्या पुढे आलेल्या ओठावर घरं! चार-चार मजली, एकमेकांना चिकटून, खिडक्या थेट समुद्रावर. मावशी म्हणाली, "बांधकामाला परवानगी कुणी दिली गं?" दुसऱ्या बाजूला दीडेक किलोमीटर आत शिरलेली अरुंद खाडी, तीच बंदर. म्हणजे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे चिंचोळी जमीन, तिच्यावर तटबंदी. इटलीतल्या जिनोआवाल्यांनी बाराव्या शतकाच्या शेवटी तिथल्याच पिसा शहराकडून ही जागा घेतली आणि आपली माणसं आणून वसवली. १७६८ मध्ये कॉर्सिका फ्रान्सकडे गेलं तोवर, मधली थोडी वर्षं सोडली तर, गाव जिनोआचंच. तिथल्या म्हाताऱ्यांची बोली अजूनही बेटावरच्या बाकीच्यांपेक्षा वेगळी, जिनोआच्या वळणाची आहे म्हणतात.

बंदरावरून वर चढायला दगडी फरसबंदीची चढण आहे. अर्ध्यावर खिंडीत सेंट रॉकचं छोटं प्रार्थनाघर लागेल. १५२८ च्या प्लेगमध्ये हे गाव जवळजवळ रिकामं झालं. त्या साथीतला शेवटचा माणूस इथंच गेला असं सांगतात. तिथे थांब, पण चॅपेलपेक्षा पाठ वळवून बघ, कारण सगळ्यात चांगलं दृश्य तिथून पुढे जाणाऱ्या पायवाटेवर आहे. कड्याच्या काठाने पर्तुसातोच्या दीपगृहाकडे वाट जाते. पूर्ण जाऊ नये वाटलं तर नका जाऊ, पण दहा-पंधरा मिनिटं चाला आणि मग मागे वळा. अख्खं गाव कड्यावर लटकलेलं दिसतं. समोर पाण्यात कड्यापासून सुटलेला एक प्रचंड खडक उभा आहे. त्याला फ्रेंच लोक 'वाळूचा कण' म्हणतात, थट्टेखोर मेले.

वर गेलात की जिनोआ दरवाजा. जुना उचलता पूल तिथे आहे, साखळ्या-वजनांची यंत्रणा बघायला मिळते. कित्येक शतकं गावात शिरायची वाट हीच. आत एका घरावर लिहिलंय की १५४१ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स इथं उतरला होता, आणि जवळच दुसरीकडे, की नेपोलियन १७९३ मध्ये राहिला होता. नेपोलियन तेव्हा सार्डिनियाजवळच्या मादालेना बेटावरच्या स्वारीसाठी आला होता, ती फसली. पाट्या वाच आणि पुढे चल, त्यात फार काही नाही.

मला जे तुला दाखवायचंय ते डोक्याच्या वर आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्हीकडची घरं एकमेकांना टेकतील असं वाटतं, आणि मधे मधे या घराच्या भिंतीतून त्या घराच्या भिंतीत गेलेल्या दगडी कमानी. प्रवासी त्याखाली उभे राहून फोटो काढतात. मलाही आधी वाटलं की भिंती एकमेकींवर कलू नयेत म्हणून दिलेला आधार असेल. आधार आहेच. पण त्या कमानींवरून पावसाचं पाणी वाहून न्यायचे. छपरावरचं पाणी कमानीवरून पुढच्या घरावर, तिथून पुढे, आणि शेवटी जमिनीखालच्या हौदात. सगळ्यात मोठा हौद गावातल्या सेंट मेरी चर्चसमोरच्या ओसरीखाली. त्या ओसरीवर गावकारभाराच्या बैठका व्हायच्या. वर पंच बसलेत आणि पायाखाली गावाचं पाणी, यापेक्षा चांगली जागा सभेला कुठली?

पाणीपुरवठा खात्यात जन्म गेलेल्या बाईला हे बघून काय वाटलं असेल ते तुला कळेल. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, निवृत्त झाली तरी हिचं ऑफिस सुटलं नाही. पण विचार कर. आपल्याकडे काळा पाषाण. त्यात टाकं खोदलं की पाणी टिकतं. रायगडावर, राजगडावर तू लहानपणी ओंजळीने प्यायलायस. चुनखडीत तसं होत नाही, पाणी मुरून खाली जातं. त्या पठारावर ना नदी, ना ओढा, आणि उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या त्या भागात महिनोन् महिने पाऊस नाही. हिवाळ्यात पडेल तेवढंच पाणी, ते धरायचं आणि वर्षभर पुरवायचं. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हेच सांगितलंय: गडावर आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा, आणि झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, टाकी बांधावीत. बोनिफासियोच्या लोकांनी ते त्यांच्याही आधी, न वाचता केलं होतं. तट सगळेच बांधतात. छपराछपराची पन्हळ एका हिशेबाला जोडायची म्हणजे शेजाऱ्याशी बोलणं चालू ठेवावं लागतं!

हे डोक्यात ठेवून मग त्या प्रसिद्ध पायऱ्यांकडे जा. अ‍ॅरागॉनच्या, म्हणजे स्पेनमधल्या एका जुन्या राज्याच्या, राजाच्या पायऱ्या म्हणतात. कड्यात तिरक्या कोरलेल्या, १८७ पायऱ्या, वरून थेट समुद्रापर्यंत. गोष्ट अशी की १४२० मध्ये अ‍ॅरागॉनच्या पाचव्या आल्फोन्सोने गावाला वेढा घातला, आणि त्याच्या सैनिकांनी एका रात्रीत त्या कोरून काढल्या. एका रात्रीत! मी कंत्राटदारांच्या बऱ्याच थापा ऐकल्यात, पण ही सगळ्यांच्या वरची. शिवाय वर तटावर लोक जागे, कान टवकारलेले, आणि खाली छिन्नी-हातोड्याचा आवाज चाललाय, असं कसं? बहुतेक जाणकार म्हणतात की पायऱ्या खूप आधीच्या आहेत. कड्याच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा आहे, तिथे जाण्यासाठी हळूहळू कोरलेल्या. फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचं नाव त्यासाठी घेतात. म्हणजे राजाचं नाव लागलेली ती पाणवठ्याची वाट आहे. घागरी घेऊन त्या कोण चढलं असेल याची पाटी कुठेच नाही.

वेढा मात्र खरा. राजाने खाडीचं तोंड अडवलं, गाव उपाशी मरायला टेकलं. तेव्हाची एक कथा सांगतात, ती मावशीला फार आवडली: आपल्याकडे खायला भरपूर आहे हे भासवायला गावकऱ्यांनी तटावरून शत्रूवर भाकरी फेकल्या, आणि बायकांच्या दुधाचं चीज करून तेही पाठवलं. खरं किती, देव जाणे. पण ही थाप मला एका रात्रीच्या पायऱ्यांपेक्षा पटते, कारण त्यात भुकेची अक्कल आहे. शेवटी जिनोआचं आरमार आलं, अडसर फोडून आत शिरलं आणि १४२१ च्या जानेवारीत वेढा उठला. पुढे १५५३ मध्ये फ्रेंच आणि तुर्की आरमार मिळून आले, सोबत तुर्कांचा आरमारी सरदार तुर्गुत रईस. तेव्हा मात्र गाव पडलं. सहा वर्षांनी तहात परत जिनोआकडे.

पायऱ्या उतरताना रेवतीला पुढे घाल आणि तू मागे राहा. एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला कठडा आहे, पण पायऱ्या उंच आहेत, आणि वारा जोराचा असला की बंदच ठेवतात. माझे गुडघे उतरताना ठीक होते, चढताना मी दर वीस पायऱ्यांवर भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. मावशी उतरलीच नाही, वर बसून दोन जर्मन बायांना खाकरा खायला घालत होती.

वाऱ्याचं सांगायलाच हवं. समोर सार्डिनिया, बाराएक किलोमीटरवर, स्वच्छ हवेत घरंसुद्धा दिसतात. मधली सामुद्रधुनी उथळ, खडकांनी भरलेली, आणि दोन बेटांच्या फटीतून वारा दाबून येतो. १८५५ च्या फेब्रुवारीत 'सेमियाँत' नावाचं फ्रेंच युद्धजहाज क्रिमियाच्या लढाईला सैनिक घेऊन निघालं होतं, ते इथे लावेझी बेटांवर आपटलं. जवळजवळ सातशे माणसं, एकही वाचलं नाही. त्यांच्या दोन दफनभूमी त्या बेटावर आहेत. होडीवाले लावेझीला पोहायला नेतात, पाणी खरंच काचेसारखं आहे, पण कबरींपर्यंत चालत जा. आता तो सगळा भाग राखीव आहे. १९९३ पासून फ्रान्स आणि इटलीने धोकादायक माल वाहणाऱ्या आपापल्या जहाजांना इथून जायची बंदी केली. दुसऱ्या देशांची जहाजं मात्र अडवता येत नाहीत, कारण ही आंतरराष्ट्रीय वाट. समुद्राचे कायदे असेच.

जेवणाचं. तिथली वांगी खा, बोनिफासियोची म्हणून मिळतात, भरलेली. मावशीला 'भरलेली वांगी' म्हटल्यावर डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण आत चीज, भिजवलेला पाव, लसूण आणि अंडं निघालं. अंड्याचं तिला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. अक्रोड-मनुकांचा एक गोडसर पाव मिळतो, मृतांचा पाव म्हणतात. मूळचा नोव्हेंबरातल्या पितरांच्या सणाचा, आता वर्षभर करतात. तो घ्या आणि पठाराच्या पश्चिम टोकाला जा, जिथे खलाश्यांची जुनी दफनभूमी आहे. पांढरी, छोट्या घरांसारखी समाधिस्थळं, गल्ल्यांसकट, आणि पलीकडे नुसता समुद्र. भीती वाटत नाही तिथे. मला तर वरच्या गावातल्या भाड्याने दिलेल्या, हंगाम संपला की कुलूप लागणाऱ्या घरांपेक्षा तिथं जास्त वर्दळ वाटली.

तुझ्या बाबांना घेऊन जायचं राहिलं, हे मनात आलंच. ते पायऱ्या मोजत गेले असते आणि १८७ ऐवजी १८९ आल्या म्हणून तिकीटवाल्याशी वाद घातला असता. तू घालू नकोस.

एक काम मात्र कर. त्या कमानींना वरून उतार कुठल्या बाजूला आणि किती दिलाय ते मला खालून नीट कळलं नाही. तुमची खोली वरच्या मजल्यावर असेल तर खिडकीतून बघ, पन्हळ उघडी आहे की झाकलेली, कडेला किती उंच काठ आहे, गिलावा कसला दिसतो. फोटोत शेजारी काहीतरी मापाचं ठेव, मागच्या वेळेसारखा नुसता सूर्यास्त पाठवू नकोस. घरमालकीण म्हातारी असेल तर तिला विचार, लहानपणी हौदाचं पाणी प्यायली होती का, आणि चव कशी होती. तुला फ्रेंच येतं, मला येत नव्हतं.

रेवतीला आशीर्वाद. तिच्या आईने दिलेली लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे, मावशी पुढच्या महिन्यात येतेय तिच्याबरोबर पाठवते.

तुझी,
आई