मुनीम काका, पहिला ग्रुप निघाला

काका, सादर नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, त्यामुळं तुमची नात हे तुम्हाला वाचून दाखवेल ह्या भरवशावर लिहायलोय. सीए इंटरचा, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटच्या मधल्या परीक्षेचा, पहिला ग्रुप पास झालो त्या निकालाच्या दिवशी फोन केला तेव्हा मला धड बोलताच आलं नाही, गळा भरून आला होता. पण मला बोलायचंय आणि चार लोकांसमोर बोलायचंय, कारण लातुरात, नांदेडात, संभाजीनगरात माझ्यासारखी अडकून बसलेली पोरं किती असतील आणि त्यांना सल्ले देणारे किती असतील ते मी बघितलंय.

सीए इंटरचा पहिला ग्रुप म्हणजे ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग, लॉ आणि टॅक्सेशन. प्रत्येक पेपरात ४० पाहिजेत, आणि वरून तिन्ही मिळून ३०० पैकी १५० पाहिजेत. बाहेरच्या माणसाला ही दुसरी अट माहितीच नसते. मागच्या वेळेस तिन्ही पेपरात मला ४० च्या वर होते, टोटल मात्र १५० ला पोचली नाही, म्हणजे एकाही विषयात नापास नसताना ग्रुप गेला. कुठल्या पेपरात ६० असते तर निदान त्या पेपरातून तरी सूट मिळाली असती, ते पण नव्हते, म्हणजे तिन्ही परत. "सगळ्यात पास हाईस मग नापास कसा?" असं घरी विचारलं तेव्हा उत्तर येत होतं पण द्यायची ताकद राहिली नव्हती.

त्यानंतर अभ्यासच होईना. म्हणजे बसायचो मी, सकाळी वाचनालयाची अभ्यासिका उघडली की बसायचो ते बंद होईपर्यंत, पण पेन हातात घ्यायची वेळ आली की दुसरंच काहीतरी काम निघायचं. सीएच्या इन्स्टिट्यूटचे आरटीपी, म्हणजे उजळणीचे प्रश्नसंच, आणि मॉक पेपर डाउनलोड करून फोल्डर लावायचे, नवीन टाइमटेबल बनवायचं, कोणत्या सरांचं रिव्हिजन चांगलं त्याचे व्हिडिओ बघायचे, लेक्चर दुप्पट स्पीडनं ऐकायचं आणि मान डोलवायची. लोक ह्याला आळस म्हणतात. काका, आळशी माणूस दिवसभर त्या लाकडी खुर्चीवर बसत नाही हो, तो घरी झोपतो. ही भीती असते. कन्सॉलिडेशनचं, म्हणजे कंपनी आणि तिच्या उपकंपनीचे हिशोब एकत्र करायचं, गणित सोडवायला घेतलं आणि शेवटी बॅलन्स शीट जुळलीच नाही तर आपल्याला येत नाही हे कागदावर येणार, मग कोरं पान बरं वाटतं. आणि कोरं पान जितके दिवस कोरं राहतं तितकी त्याची भीती वाढत जाते.

ह्या काळात मदत मागितली नाही असं नाही. ज्या क्लासला वडलांनी सोयाबीनचे पैसे भरले त्यांना फोन केला तर डाउट बाजूला राहिला, पुढच्या बॅचची ऑफर सांगायला लागले. एका मेंटॉरनं पाच मिनिटांत ठरवून टाकलं की माझ्यात भूक नाही, चौदा तास अभ्यास करणाऱ्याची गोष्ट सांगितली आणि कॉल कट. राग अजून आहे मला. पैसे घेतलेल्या माणसानं निदान पोराचं ऐकून तरी घ्यावं, एवढं पण जमू नये? नातेवाईकांचं तर विचारूच नका, प्रत्येक लग्नात तोच प्रश्न, "झालास का रे सीए?", आणि उत्तर ऐकायच्या आधीच जेवणाच्या पंगतीकडं वळायचे.

आणि तुम्ही. तुमचा माझा काय संबंध होता? तुम्ही संध्याकाळी पेपर वाचायला यायचात, आडत बाजारात आयुष्यभर मुनिमी केलेला माणूस एवढंच मला माहिती होतं. सगळी अभ्यासिका नीट परीक्षेच्या आणि एमपीएससीच्या पोरांनी भरलेली, त्यात माझ्याकडंच्या आकड्यांच्या पुस्तकावर तुमची नजर गेली असेल. "काय करायलाव?" विचारलंत. अभ्यास म्हणालो. तुम्ही वहीकडं बघितलंत, तिच्यात काहीच नव्हतं, पण तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. खुर्ची ओढली अन् म्हणालात, "एक गणित करा. मी बसलोय हितं."

मी केलं. का केलं सांगता येत नाही, पण समोर माणूस बसलाय आणि त्याला घाई नाही म्हटल्यावर हात चालायला लागला. झाल्यावर तुम्ही वही ओढून घेतलीत, इंग्रजी बाजूला ठेवून नुसत्या आकड्यांवरून पेन्सिल खाली खाली आणत तोंडातल्या तोंडात बेरीज केलीत, एका ठिकाणी थांबलात आणि म्हणालात, "हितं हातचा राहिलाय बगा." एवढंच. मला ज्या चुकीची इतके महिने दहशत वाटत होती ती तुमच्यासाठी एक राहिलेला हातचा होता, दुरुस्त केला की पुढं चला. तुम्ही रुजुवातीची, म्हणजे तपासून बरोबर असल्याची, खूण केली आणि परत पेपर वाचायला लागलात.

पण मला खरं सांगायचंय ते त्याच्या नंतरचं. उठताना तुम्ही माझ्या वहीचं पान उलटलंत, वर मधोमध "श्री" लिहिलंत आणि त्याखाली दुसऱ्या दिवसाची तारीख टाकलीत. मी बघतच राहिलो. तुम्ही म्हणालात दुकानात रात्री रोकड जुळली की उद्याचं पान मांडून, आरंभीची शिल्लक ओढूनच उठायचं, म्हणजे सकाळी आल्या आल्या पहिलं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी मी वही उघडली तर ते पान कोरं नव्हतं. तिथं कुणीतरी आधीच सुरुवात करून ठेवली होती, मला फक्त पुढं लिहायचं होतं. लोकांना हे किरकोळ वाटेल, पण ज्याला सुरुवातच होत नाही त्याला विचारा. मग रोजच झालं ते. तुम्ही गावाला गेलात तेव्हा पुढच्या चार पानांवर तारखा टाकून गेलात, ती पानं मी अजून फाडली नाहीत आणि फाडणार पण नाही.

जीएसटी तर तुम्हीच पक्का करून दिलात. सेल्स टॅक्सचा जमाना तुम्ही पाहिलेला, २००५ ला व्हॅट आला तेव्हाची धावपळ, मग २०१७ च्या जुलैत जीएसटी, तिन्हीची कागदं तुमच्या हातून गेलेली. आपल्या रानातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी लागत नाही हे मी कलम २३ म्हणून पाठ करायलो होतो, तुम्ही शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, कशी बनते, हमाली कुठं, तोलाई कुठं हे कागदावर काढून दाखवलंत आणि ते कलम डोक्यात बसलं ते बसलंच.

आणखी एक. तुम्ही मला एकदा पण मार्क विचारले नाहीत. मॉक दिला तरी नाही, परीक्षा देऊन आलो तरी नाही. पेपरहून आल्यावर विचारलंत ते फक्त "जेवलाव का?" अशी माणसं अजून आहेत म्हणून आपल्या भागात पोरं शिकतात, असं माझं मत आहे. मेसवाली मावशी उशीर झाला तर ताट झाकून ठेवते, वाचनालयाचे शिपाई मामा परीक्षेच्या दिवसात लाईट बंद करायला मुद्दाम उशीर करतात. ह्यांच्यापैकी कुणी स्वतःला मेंटॉर म्हणवत नाही, कुणी फी घेत नाही. ज्यांच्या घरात परीक्षेचं पोरगं आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, सल्ला राहू द्या, त्याच्या जवळ आपलं काहीतरी काम घेऊन नुसतं बसा.

आता दुसरा ग्रुप राहिलाय, कॉस्टिंग, ऑडिट आणि एफएम-एसएम, म्हणजे फायनान्शियल आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट. तो निघाल्याशिवाय आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रत्यक्ष कामाचं शिक्षण, सुरू होत नाही. कॉस्टिंगची नवीन वही आणलीये, पहिल्या पानावर तुमच्याच हातची तारीख पाहिजे. रविवारी पेढे घेऊन घरी येतो, काकूंना सांगून ठेवा. आणि तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की नातीला मला फोन करायला सांगा, मुलगा पुण्याहून येईपर्यंत दवाखान्यात मी थांबतो, पुस्तक सोबत आणीन.

तुमचा,
कोपऱ्यातल्या टेबलावरचा सीएवाला