बाराबंदीचा बंद शिवणाऱ्या मावशींना

सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात नातवाने हट्ट धरला, नंदीध्वजाच्या मिरवणुकीत बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा) घालूनच चालणार. सात नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि आमचा हा एकटा निळ्या टी-शर्टात! नवी शिवायला ना वेळ, ना हातात पैसे. शेवटी एका संस्थेच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात गेलो. खरं सांगतो, आत शिरताना ओळखीचं कुणी पाहत नाही ना, हे दोनदा बघितलं.

ढिगाऱ्यात अर्धा तास गेला. शाळेचे गणवेश, एक धड सोलापुरी चादर (ती लगेच बाजूला ठेवली), मग तळाशी लहान मापाची बाराबंदी. छातीवरचा एक बंद तुटलेला. मी परत ठेवायला लागलो, तर कपडे घड्या करत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "आणा की हिकडं." पदराला टोचलेली सुई काढली, जुन्या परकराची नाडी कापली आणि शेजारणीशी तेलुगूत गप्पा मारत पाच मिनिटांत बंद शिवून दिला. वेगळे पैसे घेतले नाहीत.

चादर आणि बाराबंदी मिळून दीडशे झाले. माझ्याकडे एकशे वीसच होते. मागच्या हेल्मेटवाल्या पोराने तीस रुपये काउंटरवर ठेवले. मी पिशवी आवरेपर्यंत तो गेलासुद्धा.

मावशी, तुमचं नाव विचारायचं राहिलं. पोरा, तुझं तोंडही नीट दिसलं नाही. दोघांचेही मनापासून आभार. नातू अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्यापर्यंत चालला, बंद निघाला नाही. तीस रुपये त्याच काउंटरवर ठेवून आलोय.