मॉडेल टीचा ब्रेक चाकाला नव्हता हो!

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींवर लेख आलाय तो मी इथे अमेरिकेत मुलीकडे बसून मोबाईलवर वाचला. लेख चांगला आहे, फोटो तर एक नंबर, पण फोर्ड मॉडेल टीच्या फोटोखाली जी ओळ टाकलीय ना, की आजच्यासारखेच क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर असे तीन पेडल होते आणि पायाने ब्रेक दाबला की चारही चाकं जागच्या जागी थांबायची, ती वाचून माझा चहा गार झाला. एका ओळीत चार चुका! डावं पेडल आजच्यासारखं क्लच नव्हतं, मधलं ब्रेकचं नव्हतं, ॲक्सिलरेटर पायाशी नव्हताच आणि ब्रेक चार चाकांना तर नव्हताच नव्हता, खरं सांगायचं तर पायाचा ब्रेक एकाही चाकाला नव्हता.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडला शिकवून रिटायर झालो. पोरांना ब्रेकचा धडा शिकवताना मी पण वर्षानुवर्षं "आधी मेकॅनिकल ब्रेक होते, मग हायड्रॉलिक आले" (म्हणजे आधी रॉडने ओढायचे, मग ब्रेक ऑइलच्या दाबाने चालायचे) एवढं एका वाक्यात गुंडाळून पुढे सरकायचो, त्यामुळे तुमच्या लेखकावर फार चिडायचा मला तसा हक्क नाही. पण गेल्या महिन्यात जावई एका म्युझियममध्ये घेऊन गेले, तिथे आधी तासभर वर्ग घेतात आणि मग खरोखरची मॉडेल टी चालवायला देतात. त्या दिवशी कळलं की आपण जे एका वाक्यात सोडून देत होतो त्यातच सगळी गंमत होती.

आधी पेडल कोणती ते सांगतो. बऱ्याच गाड्यांत तिन्हीवर इंग्रजी अक्षरं कोरलेली असायची, सी, आर आणि बी. डावं सी म्हणजे क्लच, पण ते पूर्ण दाबलं की लो गिअर लागतो, अर्धं दाबून धरलं की न्यूट्रल, आणि पाय काढला की हाय गिअर, म्हणजे आपल्या सवयीच्या बरोब्बर उलटं. मधलं आर म्हणजे रिव्हर्स. उजवं बी म्हणजे ब्रेक. आणि ॲक्सिलरेटर? तो स्टिअरिंगच्या खाली उजव्या हाताला एक बारकी दांडी, डाव्या हाताला तशीच दुसरी, ती स्पार्क मागेपुढे करायला, म्हणजे इंजिनमधली ठिणगी लवकर पडावी की उशिरा ते ठरवायला. आता चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला त्यात बसवा आणि मजा बघा. स्पीड वाढवायला म्हणून माझा उजवा पाय सवयीने उजव्या पेडलवर गेला आणि गाडी थांबली. मग परत निघालो, समोर वळण आलं, घाबरून डाव्या पायाने "क्लच" पूर्ण दाबला आणि उजव्याने मधला "ब्रेक", म्हणजे लो आणि रिव्हर्स दोन्ही एकदम आवळले, गाडी दचकून उभी आणि इंजिन बंद. शिकवणारा आजोबा, माझ्याच वयाचा असेल, पोट धरून हसला, म्हणाला सगळे हेच करतात, थांबली ना, मग झालं.

आता तो पायाचा ब्रेक नेमका धरायचा काय ते. मॉडेल टीला एपिसायक्लिक गिअर, म्हणजे फिरता ड्रम आवळून धरला की गिअर बदलतो असा. इंजिनच्या मागे एकाशेजारी एक तीन ड्रम, एक रिव्हर्सचा, एक लोचा, एक ब्रेकचा, आणि प्रत्येकाभोवती पोलादी पट्टा, आतून सुती विणलेलं लायनर. पेडल दाबलं की पट्टा ड्रमभोवती आवळला जातो, बस. ब्रेकचा ड्रम मागे जाणाऱ्या शाफ्टला जोडलेला, म्हणजे उजवं पेडल दाबलं की ड्रम धरला, ड्रम धरला की शाफ्ट धरला, मग पिनियन आणि क्राउन (मागच्या एक्सलमधली लहान आणि मोठी दातेरी चाकं), डिफरन्शियल, एक्सल आणि सगळ्यात शेवटी मागची दोन चाकं. चाकाच्या आत पायाच्या ब्रेकचा एक नटसुद्धा नाही. मागच्या चाकात ड्रम होते, पण ते हातातल्या लिव्हरचे, गाडी उभी करून ठेवायला, आणि 1926चं मॉडेल येईपर्यंत ते जेमतेम 8 इंचाचे आणि आतले शू (ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल तुकडे) बिनलायनरचे बिडाचे. नुसतं बीड ड्रमवर घासणार, काय धरणार ते!

आपल्याला हा येडेपणा वाटतो. मला पण वाटला होता. पण थोडा विचार केला की कळतं की बाबा, हा हेन्री फोर्ड काही मूर्ख नव्हता. एक तर मागच्या एक्सलचा रेशो 40 दात भागिले 11 दात, म्हणजे साडेतीनच्या वर, त्यामुळे गिअरबॉक्समधल्या ड्रमवर जेवढा जोर लावाल तो चाकापर्यंत जाताना साडेतीन पटीपेक्षा जास्त होतो, म्हणून लहानशा पट्ट्यावर आणि नुसत्या पायाच्या ताकदीवर काम भागायचं. दुसरं म्हणजे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटून देतं, त्यामुळे एक चाक आधी धरलं, दुसरं मागून धरलं आणि गाडी बाजूला ओढली गेली हा ताप नाही. ज्यांनी रॉडचे ब्रेक सेट केलेत त्यांना हे वाचून हेवा वाटेल! आणि तिसरं, हे सगळं इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडून फिरायचं, त्यामुळे ब्रेक मऊ लागायचा, तापायचा कमी. आपल्याकडे हल्ली ट्रॅक्टरच्या जाहिरातीत ऑइल इमर्स्ड ब्रेक, ऑइल इमर्स्ड ब्रेक म्हणून ओरडून सांगतात ना, विचार तोच, फक्त ट्रॅक्टरमध्ये पट्ट्याच्या जागी डिस्क आल्या.

पण बिघडायचं कुठे ते पण सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा जुन्याच्या प्रेमात पडला. पायापासून चाकापर्यंत मध्ये जे जे आहे त्यातलं एक जरी तुटलं तर ब्रेक गेला. मागच्या एक्सलमध्ये बॅबिट नावाच्या मऊ धातूचे थ्रस्ट वॉशर (क्राउनला जागेवर ठेवणाऱ्या चकत्या) होते, ते कालांतराने भुगा होऊन पडायचे, मग क्राउन सरकून पिनियनपासून सुटायचा आणि पेडल दाबलं तर शाफ्ट थांबतोय पण चाकं आपली चाललीत उताराने खाली. म्हणून आजही ज्यांच्याकडे मॉडेल टी आहे ते पहिलं काम करतात म्हणजे ते वॉशर काढून ब्राँझचे टाकतात. दुसरा घोळ रक्स्टेल नावाच्या दोन स्पीडच्या एक्सलचा, लोक ते हौसेने वरून बसवून घ्यायचे चढासाठी, पण दोन स्पीडच्या मध्ये ते न्यूट्रलला अडकलं की गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच संपला, इंजिन पण नाही आणि ब्रेक पण नाही. त्यासाठी मग मागच्या चाकाच्या ड्रमवर बाहेरून आवळणारे जास्तीचे पट्टे मिळायचे, रॉकी माउंटन ब्रेक म्हणायचे त्यांना, डोंगराच्या नावावरूनच काय ते समजा. आणि सुती लायनरचे धागे सुटून ऑइलच्या बारीक पाइपात जाऊन बसायचे ते वेगळंच. ब्रेक झिजतोय आणि त्याची शिक्षा इंजिनला!

जुने ड्रायव्हर म्हणून हुशारीने चालवायचे. एकटा ब्रेकचा पट्टा झिजू नये म्हणून थांबताना कधी ब्रेक दाबायचा, कधी रिव्हर्सवर हळूच पाय द्यायचा, लांब उताराला लो दाबून धरायचा आणि इंजिनला गाडी धरायला लावायची. तिन्ही पेडलने गाडी थांबवता येते असं वाहन मी दुसरं पाहिलं नाही. अर्थात लो पेडल उतार संपेपर्यंत पायाने दाबूनच ठेवावं लागतं. म्युझियमच्या सपाट रस्त्यावर दोन मिनिटांत माझी पोटरी भरून आली, घाटात काय होत असेल. बरं गाडीचा वेग तरी किती, फार तर ताशी 65 ते 70 किलोमीटर, आणि रस्ते मातीचे. तेवढ्याला ते पुरायचं. 1908 ते 1927 या काळात अशा दीड कोटी गाड्या विकल्या गेल्यात, त्यातल्या काही कॅनडाच्या फोर्डमार्फत आपल्याकडेही आल्या, तेव्हा ब्रेक अगदीच टाकाऊ असता तर एवढ्या लोकांनी घेतल्या नसत्या.

तुमच्या लेखात दुसरं एक वाक्य होतं की सुरुवातीच्या गाड्यांना ब्रेकच नसायचे. हे पण नाही पटलं. 1888 साली बर्था बेंझ बाई नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेल्या, शंभरेक किलोमीटर, तेव्हा वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर त्यांनी एका गावात चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर ते हेच असं म्हणतात. तो ब्रेक हाताच्या दांडीचा होता, पायाचा नव्हता, पण होता. आमच्या ट्रेडच्या मुलांना मी ही गोष्ट सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरचा पण जागा व्हायचा.

आता चार चाकांच्या ब्रेकचं. लोकांना वाटतं पुढे ब्रेक लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. सुचलं होतं हो, पण घाबरायचे, पुढचं चाक धरलं की गाडी कोलांटी खाईल नाहीतर स्टिअरिंग हातात राहणार नाही असं वाटायचं. आणि वळणाऱ्या चाकापर्यंत रॉड न्यायचा कसा हा पण खराच प्रश्न, चाक वळलं की रॉड ओढला जाणार, म्हणजे नुसतं वळलं तरी ब्रेक लागणार. युरोपात पहिल्या महायुद्धाच्या आधीच काही कंपन्यांनी ते जमवलं, आणि ज्या गाड्यांना चार चाकांचे ब्रेक असायचे त्यांच्या मागे इंग्लंडात लाल त्रिकोण लावायचे, मागच्याने अंतर ठेवावं म्हणून, कारण ही गाडी लवकर थांबते आणि तुमची नाही. ऑस्टिन सेव्हन, 1922ची, तिला तर पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा पुढच्या चाकांना! 1930 पर्यंत तसंच. घाईत ब्रेक मारायचा तर पाय आणि हात दोन्ही कामाला लावा.

फोर्डने चारही चाकांना ब्रेक दिले ते मॉडेल टी बंद करून 1927च्या शेवटी मॉडेल ए आणली तेव्हा, आणि ते सगळे रॉडवर चालणारे. इथून खरी मेकॅनिकची परीक्षा सुरू. चार चाकं, चार रॉड, प्रत्येकाला पिना, पिनांची भोकं झिजणार, चिखल बसणार, स्प्रिंग दबली की एक्सल हलणार आणि रॉड ओढला जाणार, आणि एवढं सगळं असून चारही चाकं एकाच वेळी धरली पाहिजेत. डुसेनबर्गने 1921 लाच हायड्रॉलिक दिले होते, क्रायस्लरने 1924 ला, पण हेन्री फोर्ड काही ऐकेना, त्याच्या कंपनीच्या जाहिरातीत पेडलपासून चाकापर्यंत पोलादाची सुरक्षितता म्हणून मिरवायचे, आणि शेवटी 1939च्या मॉडेलला हायड्रॉलिक आले. मला यातली गंमत अशी वाटते की ज्या गाडीने त्याला फोर्ड केलं तिच्या पायाच्या ब्रेकचं पोलाद चाकापर्यंत पोचतच नव्हतं.

आणि हे सगळं इतिहासात जमा झालं असं समजू नका. आपल्या गल्लीत उभी असलेली कुठलीही स्प्लेंडर बघा, मागचा ब्रेक ड्रमचा, पायाच्या पेडलपासून मागे गेलेला साधा रॉड, टोकाला स्प्रिंग आणि नट. ब्रेक खाली गेला की गॅरेजवाला पोरगा बसल्या बसल्या दोन बोटांनी तो नट पिळतो आणि "झालं काका" म्हणतो. पायाने चालणारा मेकॅनिकल ब्रेक, अजून काय पाहिजे! त्यात 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक पेडल किंवा एक लिव्हर दाबली की दोन्ही चाकांना ब्रेक लागलाच पाहिजे, नाहीतर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पाहिजे असा नियम आला (वरच्या सीसीच्या गाड्यांना एबीएसच), म्हणजे पुढच्या चाकाला ब्रेक द्यावा का या भांडणाचा निकाल आपल्याकडे दुचाकीवर असा लागला. माझे काही विद्यार्थी सांगतात की गिऱ्हाईक येऊन म्हणतं पुढचा ब्रेक सोडवून टाका, गाडी घसरते. शंभर वर्षांपूर्वीची तीच भीती, फक्त आता हेल्मेट न घालता.

तुमच्या लेखकाला दोष देत नाही, पेडल तीन दिसले की कुणीही क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटरच म्हणणार. पण पुरवणी शाळेतली पोरं कापून वहीत चिकटवतात, म्हणून पुढच्या रविवारी कुठल्या तरी कोपऱ्यात एवढी दुरुस्ती टाका: मॉडेल टी, डावं पेडल लो आणि हाय, मधलं रिव्हर्स, उजवं ब्रेक, तो गिअरबॉक्सला, ॲक्सिलरेटर हाताला. जागा कमी असेल तर माझं बाकीचं पत्र कापा, पण ही ओळ ठेवा.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त शिल्प निदेशक (मोटार मेकॅनिक), कोल्हापूर
सध्या मुक्काम डेट्रॉइटजवळ, मुलीकडे