दगडाखालची साक्ष

सोलापूर,
गड्डा यात्रेचा शेवटचा आठवडा

प्रिय बापू यास,
सप्रेम नमस्कार.

परत येऊन पंधरा दिवस झाले. फोनवर तू विचारलेस तेव्हा मी थंडीच्या आणि कडक भाकरीच्या गोष्टी सांगून वेळ मारून नेली, कारण खरे सांगायचे होते ते आपल्या पेशातले होते आणि ते घाईत सांगण्याजोगे नव्हते.

मुलगी न्यूरेंबर्गला असते, त्यामुळे पहिले तीन आठवडे बव्हेरियात गेले. मी भूकरमापक, म्हणजे शेतजमिनी मोजणारा सरकारी नोकर, होतो हे कळताच तिच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आम्हाला आपल्या गावच्या शिवारात घेऊन गेले. ते ‘फेल्डगेश्वोरेनर’, म्हणजे हद्दीच्या दगडांसाठी शपथ घेतलेले गावकरी आहेत. मोजणी तिथेही सरकारी खातेच करते आणि यंत्रेही आपल्यासारखीच आहेत. पण दगड रोवण्याच्या कामी हे शपथबद्ध लोक असतात आणि त्यांची नेमणूक तहहयात असते. त्यांना ‘झीबेनर’, म्हणजे सातजण, असेही म्हणतात, कारण पूर्वी गावोगावी बहुधा तेवढे असत. दगडाखाली ते भाजलेल्या मातीचे, काचेचे किंवा धातूचे तुकडे एका ठरावीक रीतीने मांडून ठेवतात. ती रीत कागदावर उतरवत नाहीत. जुना नव्याला तोंडी सांगतो आणि घरच्यांनासुद्धा ती कळू द्यायची नसते. कोणी रातोरात दगड उपटून चार हात पलीकडे रोवला, तरी खालची साक्ष जुन्या जागीच राहते. मी मांडणी कशी असते ते विचारले, तेव्हा म्हातारबुवा हसले आणि मी नेलेली शेंगाचटणी चाखू लागले.

त्या दगडापुढे उभा असताना मला माढा तालुक्यातले ते दोघे भाऊ आठवले. तू त्या दिवशी झेंडी धरून उभा होतास. ज्या दगडावरून मी साखळी धरली तो सरकवलेला होता. जुन्या मोजणीच्या टिपणाशी साखळीवरच्या दीड आण्याचा, म्हणजे तीन फुटांचा, फरक आला होता आणि तो मी साखळीच्या ताणावर ढकलून मोकळा झालो. निमताना मोजणीत, म्हणजे वरिष्ठांच्या फेरमोजणीत, माझी चूक निघाली खरी, पण तोवर धाकट्याने बांध कोरत थेट विहिरीच्या कठड्यापर्यंत आणला होता आणि दोघांचे बोलणे बंद झाले होते. खुणेचा एक खापराचा तुकडा जरी त्या दगडाखाली असता, तरी मी खणून पाहिले असते. नुसत्या दगडाला मात्र मी कधी काही विचारलेच नाही.

नंतर दहा दिवस पुतण्याकडे इंग्लंडमध्ये होतो. तिथे ‘सर्व्हेअर’ म्हटले की लोकांना घर विकत घेण्याआधी ते तपासून देणारा माणूस आठवतो; पुतण्याच्या शेजाऱ्याने मला लगबगीने न्हाणीघराच्या भिंतीची ओल दाखवायला नेले! पुतण्याच्या घराच्या नोंदणीचा नकाशा मात्र मी बराच वेळ घेऊन बसलो. प्रमाण 1:1250, आणि घराभोवती लाल रेघ. अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हटली तरी ती जमिनीवर दोन फूट रुंद होते. ती रेघ नेमकी हद्द दाखवत नाही, हद्द साधारण इथे आहे एवढेच ती सांगते, असे तिथला कायदाच म्हणतो. नेमकी हद्द हवी असेल त्याने वेगळा अर्ज करून ती ठरवून घ्यावी. शेताला कुंपणाची झाडी आणि तिला लागून खणलेला चर असेल, तर हद्द चराच्या पलीकडच्या काठाला धरतात, कारण माणूस आपल्या जमिनीच्या टोकाशी चर खणतो, माती आपल्याच बाजूला टाकतो आणि तिच्यावर झाडी लावतो. आपल्याकडच्या बांधाबद्दल असे चार शब्द कोणी ठरवून ठेवले असते, तर निम्मी प्रकरणे तालुक्यापर्यंत आलीच नसती, असे मला वाटते.

ती लाल रेघ ज्यावर काढतात तो त्यांचा नकाशाही मुळात हद्दींसाठी झालेला नाही. तो करणारे ऑर्डनन्स सर्व्हे हे खाते 1791 साली तोफखान्याच्या छत्राखाली सुरू झाले. आपलेही तेच आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1835 च्या सुमारास शेजारच्या इंदापुरात जी मोजणी आरंभली, ती सारा बसवण्यासाठी होती. ज्या कागदाचे काम शेताचा सारा ठरवण्यापुरते होते, त्याच कागदाच्या वारसावर आपण भावाभावांचे दावे बोटाबोटाने तोलतो. इंग्रजांनी आपल्या नकाशाची मर्यादा कायद्यातच लिहून टाकली. आपण ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या नकाशावर, सही करून मोकळे होतो. आता रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणारे यंत्र, आला, त्याचे मला कौतुकच आहे, पण तो आपण कुठे उभे आहोत ते दोन-चार सेंटिमीटरपर्यंत सांगतो. आजोबांचा बांध कुठे होता, हे त्याला टिपणावरूनच कळायचे.

एक काम आहे. तुझ्या माळ्यावर ती तेहेतीस फुटी साखळी अजून असेल, तर आण्यांच्या खुणा दिसतील असा तिचा फोटो काढून पाठव. आम्ही जमीन आण्यांत मोजत होतो आणि आणा हे नाणेही होते, हे त्या म्हातारबुवांना काही केल्या पटत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना