मे महिन्याचा हिशोब धरून पार्ट घे

अकोला, रविवार रात्र

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

तुझी नव्या कॉम्प्युटरच्या पार्टची यादी काल दुकान बंद केल्यावर निवांत वाचली. रायझन ७ ७७००एक्स, ए६२० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबी रॅमच्या चार स्टिक, पुढून काच असलेलं कॅबिनेट आणि त्याच्यासोबतच येणारा एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. खाली लिहिलंयस, "आई, ओव्हरक्लॉक करणार आहे, ओरडू नकोस." ओरडत नाही रे. प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर पळवणं मी स्वतः केलं, ते तुला करू नको कशी म्हणू? पण यादी बघून जीव खालीवर झाला. सगळे पैसे प्रोसेसरवर गेलेत आणि जे भाग त्याला सांभाळणार, ते उरलेल्या पैशांत बसवलेत. प्रोसेसरचा कूलर तर यादीत कुठेच नाही, आणि ७७००एक्सच्या डब्यात तो येत नाही. फोनवर तू "हो हो" म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहायला बसले.

१९९९ च्या जानेवारीत मी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेले होते, लॅमिंग्टन रोडवर पार्ट घ्यायला. पुढच्या खोलीत डीटीपी सुरू करायचं होतं आणि पेंटियम २ परवडत नव्हता. दुकानातल्या मुलाने सेलेरॉन ३००ए आणि अबिटचा बीएच६ मदरबोर्ड हातात ठेवला आणि म्हणाला, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बस ६६ च्या जागी १०० करा, ताई. बस म्हणजे मदरबोर्डचा मूळ वेग, त्याला गुणकाने गुणलं की प्रोसेसरचा वेग येतो. या प्रोसेसरचा गुणक ४.५ वर कायमचा बांधलेला होता. बस ६६ वर असली की ३०० मेगाहर्ट्‌झ, १०० वर नेली की ४५०. रॅम मात्र १०० झेपणारी हवी, ती त्याने बजावून दिली. मधले ७५ आणि ८३ पण होते, पण त्यात पीसीआय बस, जिच्यावर बाकीची कार्डं आणि हार्डडिस्क चालते, ती ३३ च्या वर जायची. माझ्या ओळखीच्या एकाने ८३ वर मशीन चालवलं आणि त्याच्या हार्डडिस्कवरच्या फाइली एकेक करून बिघडत गेल्या. बस १०० वर असली की बोर्ड पीसीआयसाठी तो आकडा तिनाने भागतो, म्हणजे पीसीआय परत ३३ वरच राहते. हे समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. वेग वाढवायचा म्हणजे नुसता आकडा वाढवायचा नसतो, त्या आकड्याला आणखी काय काय बांधलेलं आहे ते बघायचं असतं.

जानेवारी ते मार्च मशीन देखणं चाललं. कोरलड्रॉमध्ये पत्रिकेचं डिझाइन झरझर उघडायचं. मग मे आला. तुला अकोल्याचा मे माहीत आहे, आणि लग्नसराईही तेव्हाच. बाहेर ४४, खोलीत ४० च्या आसपास, आणि मशीन रात्री अकरानंतरही हँग व्हायला लागलं. मला वाटलं त्याला जोर कमी पडतोय, म्हणून व्होल्टेज २.० चं २.१ केलं. आणखी लवकर हँग व्हायला लागलं. पत्रिका सकाळी ऑफसेटवाल्याकडे जायची होती. शेवटी बस परत ६६ वर आणली आणि हळूहळू, दर दहा मिनिटांनी सेव्ह करत पहाटे चारला काम संपवलं.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.२५ व्होल्टचे १.३५ केले आणि वेग फक्त चार टक्के वाढवला, तर उष्णता एकवीस टक्क्यांनी वाढते. कागदावर गुणाकार करून बघ. आणि पंखा असो की पाण्याचा कूलर, चिपला तो खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ७० वर बसलेला प्रोसेसर मेमध्ये ४० च्या खोलीत ८८ च्या घरात जातो, काहीही न बदलता. मी मोठा हीटसिंक बसवला, कॅबिनेटच्या मागे हवा बाहेर ओढणारा पंखा लावला, व्होल्टेज परत २.० केलं. पुढच्या मेमध्ये ४५० वर एकदाही हँग झालं नाही.

आता तुझी यादी. ए६२० वर एएमडीने प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची सोयच ठेवलेली नाही, म्हणजे तुझा बेत पहिल्याच दिवशी संपला. बी६५० घे, आणि घेताना सॉकेटशेजारच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर) ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक आहे ना ते बघ. प्रोसेसर ७७००एक्सऐवजी साधा ७७०० घे. कोअर तेवढेच आठ, गुणक तोही खुला, आणि डब्यात कूलर येतो. ७७००एक्स १४२ वॉटपर्यंत जातो, हा ८८ ला थांबतो. मी दुकानात हाच बसवलाय.

माझ्या वेळी कंपनी चिपमध्ये बरीच जागा शिल्लक ठेवायची, ती आपण घ्यायचो. आताचा रायझन ती जागा स्वतःच वापरतो, ९५ अंशांपर्यंत वेग वाढवत नेतो आणि मग आवरतो. म्हणून आता खरी गंमत व्होल्टेज कमी करण्यात आहे. बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची व्होल्टेज उतरवायची सेटिंग असते, तिथे उणे दहापासून सुरू कर. मशीन थंड राहिलं की तो आपोआप जास्त वेळ वरच्या वेगावर टिकतो. डब्यातल्या कूलरवर आधी महिनाभर चालव, मग वाटलं तर १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर घे.

रॅमच्या चार नाही, सोळाच्या दोनच स्टिक. या प्रोसेसरसाठी रॅमच्या वेगाचा एएमडीचाच आकडा दोन स्टिकना ५२०० आणि चारना ३६०० आहे. एक्स्पो, म्हणजे ५२०० च्या वरचा वेग एका सेटिंगने लावायची सोय, असलेली ६००० सीएल ३० ची जोडी घे आणि प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लाव. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन कितीतरी मिनिटं काळी राहील. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्डचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं, घाबरून स्विच बंद करू नकोस. कॅबिनेटला पुढे जाळी हवी, काच नको. ग्राफिक्स कार्ड तुझं तू ठरव, त्यातलं मला तुझ्याइतकं कळत नाही.

एसएमपीएसवर मात्र मी ऐकणार नाही. तू जन्मलास त्या वर्षी लोडशेडिंगनंतर वीज परत आली तेव्हा दुकानातल्या दुसऱ्या मशीनचा, कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस फटकन गेला. जाताना बोर्ड आणि हार्डडिस्क घेऊन गेला. त्या डिस्कवर तुझ्या बारशाचे सगळे फोटो होते, आणि आता आपल्याकडे आत्याने प्रिंट काढून घेतलेले तीनच आहेत. ६५० वॉटचा, गोल्ड मानांकनाचा, सात वर्षांहून जास्त वॉरंटीचा वेगळा घे. त्याचे वरचे पैसे मी पाठवते. तुझा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, गेम चालू असताना वीज गेली तर तो ओरडून बंद पडेल, ते लक्षात ठेव.

आणि तुझ्या खोलीतल्या पॉइंटला अर्थिंग आहे का? गेल्या वेळी लॅपटॉप चार्जिंगला असताना हाताला झिणझिण्या येतात म्हणालास, तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेव. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-तीन. फेज-अर्थमध्ये भलतंच काही आलं तर घरमालकांना सांगून वायरमन बोलाव. त्यांनी टाळाटाळ केली तर मला फोन जोडून दे, मी बोलते.

मशीन उभं राहिलं की एक रात्र रॅम तपासणारा मेमटेस्ट चालव, मग दुपारी दोन वाजता खिडकी बंद करून प्राइम९५, जो प्रोसेसरला पूर्ण जोराने गणितं करायला लावतो. त्यातल्या गणितांची उत्तरं आधीच ठरलेली असतात, एक जरी चुकलं तरी ते सांगतं. हँग होणाऱ्या मशीनची मला भीती नाही, ते निदान दिसतं. चुकीची बेरीज करून तीच निमूट सेव्ह करणाऱ्याची भीती वाटते. मेमध्ये घरी येशील तेव्हा अख्खं कॅबिनेट घेऊन ये, इथल्या खोलीत पुन्हा चालवून बघू.

माझा मल्टिमीटर उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवतेय, सोबत शेवेचा डबा आहे. सकाळी पार्सल उतरवून घे, आधी पॉइंट तपास आणि आकडे मला पाठव. तोवर दुकानात जाऊ नकोस.

तुझी
आई