मधल्या बारा महिन्यांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकी शाळांच्या वेळापत्रकावरचा लेख काल वाचला आणि राहवले नाही म्हणून आज हे पत्र लिहीत आहे. एका सत्रात चारच विषय, प्रत्येकाचा रोज नव्वद मिनिटांचा तास, जानेवारीत ते चार संपले की नवे चार, या व्यवस्थेचे लेखकाने भरभरून कौतुक केले आहे आणि आपल्याकडे अकरावी-बारावीला सत्रपद्धती आणताना तिचाच कित्ता गिरवावा, असेही सुचवले आहे. माझी मुलगी नॉर्थ कॅरोलायनातील एका सरकारी हायस्कूलमध्ये (येथे ते नववी ते बारावी असते) याच वेळापत्रकात तिसरे वर्ष काढते आहे. लेखात प्रयोगशाळेचे वर्णन आहे, शांत कॉरिडॉरचे आहे. पण एखाद्या विषयाचा एक टप्पा संपल्यावर पुढचा टप्पा मुलाच्या वाट्याला केव्हा येतो, हा प्रश्न लेखकाने एकाही पालकाला विचारलेला दिसत नाही. सगळे दुखणे तिथेच आहे.

मुलीला नववीत ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत गणित-२ होते आणि त्यात तिला उत्तम गुण मिळाले. नववीच्या दुसऱ्या सत्रात गणित नव्हते. दहावीच्या पहिल्या सत्रातही नव्हते, कारण शाळेने आखून दिलेल्या चार विषयांत ते बसले नाही. गणित-३ सुरू झाले ते थेट पुढच्या वर्षीच्या जानेवारीत. मधले सलग बारा महिने तिने शाळेत एकही गणित सोडवले नव्हते. त्या पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ मला अजून आठवते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती गृहपाठ घेऊन बसली होती, वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायचे होते, आणि निमपट कशाची करायची, वर्ग कशाचा मिळवायचा, हेच तिला आठवेना. तिने कपाटातून आदल्या वर्षीची वही काढली. तेच उदाहरण त्या वहीत पायरी-पायरीने सोडवलेले होते आणि खाली बाईंचा शेराही होता. ती बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आई, अक्षर माझंच आहे, पण हे मी लिहिलंय असं वाटतच नाही."

तिचा यात काहीही दोष नव्हता. वर्गातल्या जवळपास निम्म्या मुलांची हीच अवस्था होती, आणि शिक्षकांना पहिले अडीच-तीन आठवडे उजळणीतच घालवावे लागले. नव्वद दिवसांच्या सत्रातून तेवढे दिवस वजा केले तर नव्या अभ्यासक्रमाला उरते काय? त्यातच फेब्रुवारीत तिला फ्लू झाला आणि सहा दिवस शाळा बुडाली. वर्षभर चालणाऱ्या वेळापत्रकात तेवढ्याने सहा दिवसांचा अभ्यास बुडाला असता; इथे तो बारा दिवसांइतका बुडाला. शेवटी सत्राच्या अखेरीस राज्याची परीक्षा होती, जिचे गुण अंतिम निकालात किमान वीस टक्के धरले जातात.

लेखात नव्वद मिनिटांच्या तासाचे फार कौतुक आहे, म्हणून साधा हिशेब मांडते. रोज नव्वद मिनिटे आणि नव्वद दिवस म्हणजे १३५ तास. रोज पन्नास मिनिटे आणि १८० दिवस म्हणजे १५० तास. तास लांबला, तरी विषयाला मिळणारा एकूण वेळ पंधरा तासांनी कमीच झाला. शिवाय पंधरा वर्षांच्या मुलाला बीजगणितावर सलग नव्वद मिनिटे एकाग्र ठेवणे भल्याभल्या शिक्षकाला जमत नाही. मुलगी सांगते की बहुतेक दिवशी शेवटची पंचवीस-तीस मिनिटे गृहपाठ वर्गातच करण्यासाठी सोडलेली असतात. विज्ञानाच्या प्रयोगांना लांब तासाचा फायदा होतो, एका वेळी शिक्षकाच्या हाताखाली कमी मुले असतात, नापास झालेल्या मुलाला तोच विषय त्याच वर्षी पुन्हा घेता येतो, हे सगळे मला मान्य आहे. चार वर्षांत बत्तीस विषय घेता येतात, हेही खरे. पण या राज्यात हायस्कूल उत्तीर्ण व्हायला बावीस क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेले बावीस विषय, पुरतात. वरच्या दहांसाठी गणिताची आणि भाषेची सलगता मोडायची का, हे आधी ठरवायला हवे.

एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट), म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या महाविद्यालयीन पातळीच्या विषयांच्या परीक्षांचा तर लेखात उल्लेखही नाही. या परीक्षा देशभर मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतात. ज्या मुलाला तो विषय पहिल्या सत्रात मिळाला, त्याचे शिकणे जानेवारीत संपते आणि परीक्षेपर्यंत साडेतीन महिने कोरडे जातात. ज्याला दुसऱ्या सत्रात मिळाला, त्याला जानेवारीच्या अखेरीपासून जेमतेम चौदा आठवडे मिळतात, त्यातही एक आठवडा सुट्टीचा, आणि परीक्षा झाल्यावर सत्र महिनाभर उरतेच. दोन्हीकडून नुकसान मुलाचेच. काही शाळा हे ओळखून एपीचे विषय वर्षभर चालवतात. अवघड विषयाला वर्ष लागते हे ज्या शाळांना कळते, त्यांनी साध्या गणिताला वर्ष का नाकारावे?

हवामानाचेही सांगते. २०१८ च्या सप्टेंबरात फ्लॉरेन्स वादळ आले तेव्हा आमच्या राज्याच्या किनारपट्टीवरील काही जिल्ह्यांत शाळा तीन आठवडे आणि त्याहूनही अधिक काळ बंद होत्या. छत्तीस आठवड्यांच्या विषयातून तीन गेले तर बारावा हिस्सा जातो. अठरा आठवड्यांच्या विषयातून तेवढेच गेले तर सहावा हिस्सा जातो, आणि तो भरून काढायला पुढे सत्रच नसते. वादळ, पूर, अतिवृष्टी यांमुळे महाराष्ट्रातही शाळा बंद ठेवाव्या लागतात, हे मी आपल्या दैनिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मी गेली सहा वर्षे येथील मराठी शाळेत दर रविवारी शिकवते. आठवड्याला जेमतेम दीड तास मिळतो. तरीही वर्षभर नेमाने येणारी मुले जोडाक्षरे वाचू लागतात, आणि तीच मुले उन्हाळ्याच्या अडीच महिन्यांच्या सुट्टीनंतर आली की 'प्रकाश' वाचताना अडखळतात. भाषेला आणि गणिताला सलग सहवास लागतो. माझ्या मराठीच्या वर्गातल्या एका मुलीचा शाळेतला स्पॅनिशचा पहिला टप्पा डिसेंबरअखेर आटोपला आणि दुसरा तिला त्यानंतर वर्षभराने मिळाला; दरम्यान ती क्रियापदांची रूपे विसरली आणि शिकण्याची हौसही गमावून बसली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बोर्डाच्या परीक्षा सत्रवार घेण्याचा पर्याय आहे, आणि २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही सत्रपद्धतीकडे जाण्याची दिशा दाखवली आहे. त्याला माझा विरोध नाही. वर्षातून दोनदा परीक्षा घ्यावी, ओझे विभागावे, पण विषय सहा महिन्यांत आटोपून पुढे वर्षभर त्याचे तोंड न पाहण्याची रीत आपल्याकडे येऊ देऊ नये. जे कोणी अकरावी-बारावीचे वेळापत्रक ठरवणार आहेत, त्यांनी निदान गणित आणि भाषा वर्षभर ठेवाव्यात, एवढी कळकळीची विनंती आपल्या दैनिकाद्वारे त्यांच्यापर्यंत पोहोचावी. आणि अशा विषयावर लेख छापताना 'अमेरिकेतील शाळा' असे सरसकट म्हणू नये, ही आणखी एक विनंती. येथे वेळापत्रक जिल्हा ठरवतो, कधी कधी शाळाही ठरवते. नोव्हेंबरात नोकरी गेल्यामुळे न्यू जर्सीहून इकडे आलेल्या आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या मुलाचे तिकडे सात विषय अर्धवट झाले होते. इथे त्यांतले चारच सुरू होते आणि तेही संपत आले होते. उरलेल्या तीन विषयांचे काय करायचे, ते मुलांचे विषय ठरवून देणाऱ्या शाळेच्या कौन्सेलरलाही सांगता येईना.

यंदाच्या जानेवारीत माझ्या मुलीचे प्री-कॅल्क्युलस, म्हणजे कलनाआधीचे गणित, संपले. बारावीच्या पहिल्या सत्रात कॅल्क्युलस मिळावे म्हणून मी कौन्सेलरला दोनदा भेटले. तो तास दुसऱ्या सक्तीच्या विषयाशी जुळत नाही, असे उत्तर मिळाले. तिला एपी कॅल्क्युलस पुढच्या वर्षी जानेवारीत सुरू होईल आणि परीक्षा मे महिन्यात आहे. तोवर दर शनिवारी सकाळी आम्ही दोघी मिळून दहा गणिते सोडवायची, असे ठरवले आहे.

आपली नियमित वाचक,
एक पालक, नॉर्थ कॅरोलायना